आधी ट्रंका उघडा

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे गावच्या स्मरणिकेची बैठक भरली होती. बत्तीस पानांची स्मरणिका. त्यातली अठरा पानं जाहिरातींची, चार शुभेच्छांची, दोन वर्गणीदारांच्या नावांची. 'आमच्या गावाचा गौरवशाली इतिहास' याला दोन पानं मिळाली होती, आणि त्या दोन पानांत पांडव मुक्काम करून गेले होते, शिवाजी महाराजांचा घोडा दौडत गेला होता आणि चिमाजी अप्पांचा तळ पडला होता. ओट्यावर एक म्हातारे तांडेल बसले होते. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "यात आपलं कोणीच नाही काय?"

कोणी काही बोललं नाही. मग चहा आला आणि विषय जाहिरातींच्या दरावर गेला.

मी निवृत्त शिक्षक. बोईसर-पालघर पट्ट्यातल्या मुलांना इतिहास शिकवण्यात माझी नोकरी संपली, म्हणून तो प्रश्न माझ्या मागेच लागला. तुमच्याशी बोलायचं आहे ते त्याबद्दल. महाराष्ट्राचा इतिहास आता एका पंडिताने खोलीत बसून लिहायची गोष्ट राहिलेली नाही. केतकरांनी ज्ञानकोश काढला तेव्हाही एकट्याने काढला नव्हता. वाईला तर्कतीर्थांच्या संपादनाखाली विश्वकोश उभा राहिला तो शेकडो लेखकांच्या नोंदींवर. मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे आणि त्यात तर कोणीही लिहू शकतो, तुम्हीसुद्धा. आपल्या गावची स्मरणिकासुद्धा त्याच इतिहासाचा चिल्लर भाग आहे, कारण पुढे कोणीतरी मोठं पुस्तक लिहिणारा तीच संदर्भाला घेतो. तेव्हा या सगळ्यांच्या पुस्तकात काय जावं आणि काय जाऊ नये, हे ठरवतो कोण? माझा अनुभव असा की, जो कागद घेऊन बैठकीला येतो तो ठरवतो. जे येत नाहीत त्यांचं आपोआप गळतं. कोणाला मुद्दाम गाळावंसुद्धा लागत नाही.

हे आपल्या किनाऱ्यावर पूर्वीही झालेलं आहे. महिकावतीची बखर तुम्ही ऐकून असाल. राजवाड्यांनी ती 1924 साली छापून काढली. बिंबराजाची, उत्तर कोकणची ती बखर. तिच्यातली महिकावती म्हणजे मुंबईचं माहीम की आपलं केळव्याजवळचं, यावर अजून वाद घालणारे लोक आहेत, आणि आपल्याकडे तो वाद जेवणाच्या पंगतीतही निघतो. मला तिच्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ती एका माणसाने लिहिलेली नाही. सहा प्रकरणं आहेत, निरनिराळ्या हातांची, निरनिराळ्या काळची. त्यातला जुना भाग केशवाचार्यांचा, शके 1370 चा, म्हणजे 1448 सालचा. बाकीची भर शंभर-सव्वाशे वर्षांत पडत गेली. काही गद्य, काही पद्य. एका प्रकरणातला काळ दुसऱ्याशी जुळत नाही. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी या पट्टीत लोक मिळून इतिहास लिहीत होते.

आणि त्यांनी काय लिहिलं? राजे आहेत, लढाया आहेत, पण पानंच्या पानं भरली आहेत ती कुळं, गोत्रं आणि गावांच्या वतनांनी. कोणतं कूळ कोणत्या गावी बसलं, कोणाला कोणता मान. ते साहजिकच होतं. लिहिणाऱ्यांना आणि लिहवून घेणाऱ्यांना त्याचीच गरज होती. मान आणि वतन सिद्ध करायला त्यांना पोथी हवी होती. रानातल्या आणि पाड्यातल्या माणसाला वतन नव्हतं, म्हणून त्याला त्या पोथीत तेवढी जागाही नव्हती. बखर खोटी म्हणून मी हे सांगत नाही. बखर फार मोलाची आहे. पण ती वाचताना कळतं की मिळून लिहिलं म्हणजे सगळ्यांचं लिहिलं गेलं असं होत नाही. मिळून कोण बसलं होतं, ते आधी बघायचं.

इंग्रजांचं गॅझेटियरही एका परीने मिळूनच लिहिलेलं होतं. संपादक कॅम्बेल, पण माहिती कलेक्टरांची, मामलेदारांची, एतद्देशीय विद्वानांची. आपल्या भागाचे खंड 1882 साली निघाले. त्यात पालघर तालुका शोधाल तर सापडणार नाही, कारण तेव्हा तालुका माहीम होता. पुढे ठाणे जिल्ह्याची सुधारित आवृत्ती 1982 ला निघाली, तीही अर्थात ठाण्याची. आपला जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला, राज्यातला 36 वा. तोवर आपण ठाण्याच्या पुस्तकातले शेवटचे परिच्छेद होतो. शेवटच्या परिच्छेदात काय येतं ते तुम्हाला माहीत आहे: पाऊस किती पडतो, भात किती पिकतो, आणि 'येथील आदिवासी साधेभोळे आहेत'.

साधेभोळे! वारली, काटकरी, कोकणा, मल्हार कोळी, सगळ्यांना एकच विशेषण. माझी विनंती अशी की आपण लिहायला बसलो तर हा शब्द पहिल्यांदा काढून टाकावा. 1945 ला तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठ करायची नाही असं ठरवलं आणि जमीनदार, सावकार, पोलीस सगळ्यांसमोर उभे राहिले, ते साधेभोळे म्हणून नव्हे. त्या वर्षी 10 ऑक्टोबरला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड व त्याचे साथी पडले. गोदावरी परुळेकरांनी हा लढा आपल्या पुस्तकात लिहिला आणि त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणून तो निदान शहरातल्या वाचकाला कळला. पण ते एका नेत्या बाईंनी लिहिलेलं, आंदोलनाच्या आतून लिहिलेलं पुस्तक आहे. त्याच्या शेजारी लग्नगड्याच्या नातवाने सांगितलेलं चार ओळींचं बसलं पाहिजे. आजोबांनी लग्नासाठी किती रुपये घेतले होते, ते कोणाकडे राबून फेडले, किती वर्षं लागली, आजी बरोबर राबली का. नातू अजून आहेत, पण आजोबांच्या तोंडून ऐकलेले नातू आता सत्तरीत आहेत.

तर काय जावं? मी एक कसोटी सांगतो. ती माझी नाही, चिंचणीची आहे.

चिंचणीला राष्ट्रकूटांच्या काळचे ताम्रपट सापडले. त्यातला एक शके 848 चा, म्हणजे 926 सालचा. राष्ट्रकूट राजा इंद्र तिसरा याच्या वतीने संजाणवर एक अधिकारी होता, ताजिक, म्हणजे अरब. ताम्रपटात त्याचं नाव मधुमती सुगतिप असं येतं, आणि मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत रूप असावं असं जाणकार मानतात. या मुसलमान अधिकाऱ्याच्या संमतीने देवीच्या मठिकेला दान दिल्याची नोंद त्या पत्र्यावर आहे. आता हे आपल्यापैकी कोणाच्याही हाती लिहायला दिलं तर काय होईल? एकजण म्हणेल, अधिकारी मुसलमान होता हे कशाला घालता. दुसरा म्हणेल, मठिकेचं काढा, अधिकाऱ्याचं ठेवा. तिसरा म्हणेल, वाद नको, सगळंच गाळा. लेख खोदणाऱ्याने दोन्ही खोदलं आणि त्याच्यापुढेही एक गोष्ट खोदली, ती मला सगळ्यात आवडते. या अधिकाऱ्याने दोन प्रवाह ओलांडायला फुकट होड्या ठेवल्या, आणि संजाणला अन्नछत्र काढलं, तिथे भात, कालवण आणि तूप फुकट मिळायचं.

भात, कालवण, तूप. हजार वर्षांपूर्वीच्या राजदरबारी लेखकालाही वाटलं की होडी फुकट झाली ही लिहून ठेवण्याजोगी गोष्ट आहे. कसोटी ती हीच: माणसांचं येणं-जाणं, खाणं-पिणं, राबणं, राहणं ज्याने बदललं ते इतिहासात जावं. ज्याने फक्त व्यासपीठावरचे सत्कार बदलले ते स्मरणिकेच्या जाहिरातीत जावं, त्याचे पैसेही मिळतात.

आता ही कसोटी तारापूरला लावून बघा. तारापूर हे नाव राज्याच्या इतिहासात दोनदा येतं. पहिल्यांदा जानेवारी 1739 मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत. पोर्तुगीजांचा तारापूरचा किल्ला मराठ्यांनी घेतला, बाजी भीवराव रेठरेकर तिथेच पडले, आणि मे महिन्यात वसई पडली. दुसऱ्यांदा 28 ऑक्टोबर 1969 ला, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं म्हणून. स्पर्धा परीक्षेची पोरं दोन्ही तारखा पाठ करतात. मधल्या 230 वर्षांत इथे काही घडलंच नाही असं वाटावं. तारापूरच्या विकाजी मेहरजी या पारशी घराण्याने हैदराबादच्या निजामापर्यंत सावकारी नेली होती, हे तारापुरातल्या किती मुलांना ठाऊक आहे?

आणि 1969 नंतरचं? अणुकेंद्राला नाव तारापूरचं, पण ते उभं आहे घिवली-अक्करपट्टीच्या किनाऱ्यावर. औद्योगिक वसाहतीला नाव तारापूरचं, पण जमीन गेली पास्थळ, सालवड, सरावली, कोळवडे, कुंभवलीची. एका नावाने सात गावं गिळली. त्यात कोणाची लबाडी नव्हती, कागदावर ते नाव सोपं होतं इतकंच. पण पुस्तकात 'तारापूर' लिहिलं की ही गावं पुसली जातात. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. 540 मेगावॅटच्या त्या भट्ट्या 2005 आणि 2006 ला सुरू झाल्या, हा आकडा कुठेही मिळतो. पोफरणच्या घरांची दारं कोणत्या दिशेला होती, समुद्र किती पावलांवर होता, नव्या वसाहतीतून होडीपर्यंत जायला किती वेळ लागू लागला, हे कुठेच मिळत नाही. ते फक्त तिथून उठलेल्यांना माहीत आहे. केंद्र झालं नसतं तर बरं, असं मला म्हणायचं नाही. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं अणुकेंद्राच्या पगारावर शिकली. पगार आणि उठलेलं गाव, दोन्ही एकाच पानावर आली पाहिजेत.

बोईसरचा आणखी एक प्रश्न आहे आणि तो जरा अवघड आहे. वसाहतीत आलेला कामगार या इतिहासात आहे का? खानदेशातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून माणसं आली, चाळीत एका खोलीत आठ-आठ राहिली, त्यांची मुलं इथल्याच शाळांत मराठी शिकली. आमच्या एका बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, "ते बाहेरचे, त्यांचा इतिहास त्यांच्या गावी." मी त्यांना विचारलं, मग बखरीतली कुळं कुठून आली म्हणून बखरच सांगते? तीही बाहेरूनच आली आणि इथे बसली. 11 जानेवारी 2020 ला संध्याकाळी वसाहतीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला आणि आठ माणसं गेली. मेलेल्यांची नावं कोणत्या जिल्ह्याच्या इतिहासात लिहायची? माझ्या मते ज्या जमिनीवर माणूस राबला आणि मेला, त्या जमिनीच्या.

इथे कोणी म्हणेल, मग सगळंच घाला की! नाही. गाळायचंही आहे, आणि ते धीराने गाळायला लागतं. पणजोबांना गांधीजींनी पाठीवर थाप मारली होती, अशी गोष्ट प्रत्येक घरात आहे. तिला घराबाहेरचा एकही साक्षीदार नसेल तर ती घरातच ठेवा, घरात तिची किंमत कमी होत नाही. जातीच्या थोरवीचे परिच्छेद गाळा, आपल्याही आणि दुसऱ्याच्याही. 'जगात प्रथमच', 'इतिहासात अजरामर' हे शब्द गाळा. ज्याचा उपयोग फक्त कोणाला तरी खाली दाखवायला आहे, ते गाळा.

दंतकथा मात्र गाळू नका, फक्त तिच्या अंगावर दंतकथेचा बिल्ला लावा. जव्हारच्या मुकणे घराण्याची गोष्ट गॅझेटियरमध्येही आलेली आहे. जयबाने बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली, मग कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी डोंगरच वेढला. हीच गोष्ट दूर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेजच्या डायडो राणीबद्दल दोन हजार वर्षांपासून सांगतात. म्हणजे जव्हारची कहाणी खरी घडली का, हा प्रश्न निकालात निघाला. पण जव्हारच्या लोकांना आपलं राज्य तलवारीपेक्षा अकलेने मिळालं असं सांगावंसं वाटलं, हा इतिहासच आहे. 'असं सांगतात' एवढे दोन शब्द लिहिले की काम झालं. सोपाऱ्याला लोक एका टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. 1882 ला भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं तर आत बौद्ध स्तूप निघाला, दगडी करंड निघाला, बुद्धमूर्ती निघाल्या. बुरूड राजा कोणी नव्हता. पण 'हे टेकाड साधं नाही' एवढं गावाने त्या नावात जपून ठेवलं होतं.

आता सरहद्दीचं. 1960 ला राज्य झालं तेव्हा उंबरगाव तालुक्यातली गावं गुजरातेत गेली, उरली त्यांचा तलासरी महाल झाला. संजाण आज गुजरातेत आहे. म्हणून चिंचणीचा ताम्रपट अर्धा आपला आणि अर्धा त्यांचा असं करता येणार नाही. संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी आपल्या डहाणू तालुक्यातल्या बाहरोटच्या डोंगरात आणून लपवला, असं त्यांची परंपरा सांगते. रेषा 1960 ची आहे, माणसं तिच्या आधीपासून दोन्हीकडे चालत होती. तलासरीच्या घरात आजही सोयरीक रेषेपलीकडे जाते. राज्याचा इतिहास लिहिताना सरहद्दीशी पेन थांबवू नका.

14 ऑगस्ट 1942. ही तारीख पालघरकराला सांगायला नको. पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र महादेव चुरी, रामप्रसाद भीमाशंकर तिवारी आणि सुकुर गोविंद मोरे पडले. पाच नावं वाचा पुन्हा एकदा. किनाऱ्यावरची आहेत, आतल्या गावांची आहेत, आणि एक तिवारी आहे. दर वर्षी हुतात्मा स्तंभापाशी आपण जमतो, भाषणं होतात, आणि भाषणांत दर वर्षी तेच पाच परिच्छेद येतात. त्या मोर्च्यात शेकडो माणसं होती. जखमी झालेल्यांची घरं, कोण कोणत्या गावाहून किती वाजता निघालं, बायका होत्या का, भाकऱ्या कोणी बांधून दिल्या, परत कोण कसं लपत आलं, हे सगळं गेलं बहुतेक. ज्यांच्या घरी थोडं उरलं असेल त्यांनी आता लाजू नये. आमच्या घरात काय, आजोबा नुसते मागे चालत होते, असं एक बाई मला म्हणाल्या. मागे चालणाऱ्यांशिवाय मोर्चा होत नाही, बाई.

बायकांचं तर निराळंच सांगायला हवं. वारली चित्रकला आज विमानतळाच्या भिंतीवर आहे. जिव्या सोमा मशे यांना 2011 ला पद्मश्री मिळाली आणि ती त्यांच्या हाताचीच होती, यात वाद नाही. पण त्याआधी पिढ्यान्पिढ्या लग्नाचा चौक लिहिला तो सवाशिणींनी, आणि त्याचं गाणं म्हटलं धवलेरीने. त्यांपैकी एकीचंही नाव राज्याच्या इतिहासात नाही. तुमच्या पाड्यात जी धवलेरी आज आहे तिचं नाव, ती कोणाकडून शिकली तिचं नाव, एवढं लिहून ठेवलं तरी दोन पिढ्या झाल्या.

आता जे ताजं आहे, ज्याला अजून रक्त लागलेलं आहे, त्याचं काय? एप्रिल 2020 मध्ये गडचिंचल्याला जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला मारलं. त्यानंतर काही दिवस देशभर पालघर म्हणजे तेवढंच होतं. आमच्या एका बैठकीत ठराव आला की हे आपल्या पुस्तकात नको, जिल्ह्याची बदनामी होते. मी विरोध केला. आपण लिहिलं नाही तर ज्यांनी इथलं गाव कधी पाहिलं नाही ते लिहितील, आणि लिहिलंच आहे. तारीख लिहा, तीन माणसं मेली हे लिहा, टाळेबंदी होती आणि आठवडाभर चोरांच्या अफवा पसरलेल्या होत्या हे लिहा, तपासात आणि कोर्टात जे नोंदलं गेलं ते लिहा. जे कोणी ओरडून सांगितलं ते लिहू नका.

वाढवण बंदराचंही तसंच आहे, फक्त तिथे मारामारी कागदाची. नव्वदच्या दशकात बंदर येणार म्हणून लोक उठले, डहाणूसाठी सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने नेमलेल्या प्राधिकरणाने 1998 ला नाही म्हटलं, पुन्हा बंदराचा प्रस्ताव आला, आणि 30 ऑगस्ट 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. सुमारे 76 हजार कोटींचा प्रकल्प. माझ्या ओळखीत त्याच्या बाजूचे आहेत आणि विरोधातले त्याहून जास्त. दोघांनाही मी एकच सांगतो: निकाल लिहू नका, तुमचं आजचं म्हणणं तारीख घालून आणि सही करून लिहा. विश्वकोशात नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, ते मला फार आवडतं. नाव खाली आलं की माणूस आपोआप मोजून बोलतो. आणि दुसऱ्याचा मजकूर आवडला नाही तर तो खोडू नका. त्याच्याखाली आपलं लिहा. मिळून लिहिण्यातलं निम्मं भांडण खोडरबराचं असतं.

सांगणाऱ्याची भाषाही सुधारू नका. मांगेली, वाडवळी, वारली बोलीत कोणी सांगितलं तर तसंच उतरवा, खाली अर्थ द्या. प्रमाण मराठीत आणताना ध चा मा होतो आणि कोणाला कळतही नाही. तांडेल वाऱ्यांना जी नावं देतात त्यांतल्या निम्म्यांना पुस्तकी मराठीत शब्दच नाही. 2023 ला पापलेट राज्याचा मासा ठरला, त्याची शासकीय नोंद एका ओळीची आहे. सातपाटीच्या एखाद्या जुन्या नाखव्याने पापलेट कुठल्या भरतीला, किती पाण्यात, किती मिळायचं आणि कोणत्या सालापासून कमी झालं हे त्याच्या शब्दांत सांगितलं, तर ती ओळ भरून येईल. किनाऱ्याचं पाणी बिघडलं म्हणून मांगेला समाजाच्या परिषदेने हरित लवादाचं दार ठोठावलं, त्याचे कागद आहेतच. कागदांमागचे नाखवे कागदात नाहीत.

तर काय करायचं. मोठं काही नको. घरातली पत्र्याची ट्रंक उघडा. जुना सातबारा, फेरफार, भूसंपादनाची नोटीस, सोसायटीच्या सभेचं निमंत्रण, पगाराची पहिली पावती, संपाचं पत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाची पत्रिका, काहीही. जातीच्या दाखल्यासाठी आपण गाव नमुना 14 चा, कोतवाल बुकाचा उतारा धावतपळत काढतो आणि काम झालं की घडी घालून विसरतो. त्याच उताऱ्यात तुमच्या खापरपणजीचं नाव असतं. मूळ कागद कोणालाही देऊ नका, मलाही नाही. फोटो काढून द्या. एका शाळेचं जुनं जनरल रजिस्टर रद्दीत गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, शाळेचं नाव सांगत नाही. वजनाने विकलं होतं.

मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा. मोबाइलवर आवाज धरा, पण आधी विचारा. काय विचारायचं ते कळत नसेल तर आमच्या तांडेलांचाच प्रश्न विचारा, यात आपलं कोण? ते माणूस सांगेल त्यात साल चुकेल, चुकू द्या. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याला तेच विचारा. दोघांचं जुळलं तर लिहा, नाही जुळलं तर दोन्ही लिहा आणि कोणी काय सांगितलं ते लिहा.

त्या स्मरणिकेचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पांडव राहिले, चिमाजी अप्पांचा तळही राहिला. पण एक जाहिरात कमी करून शेवटचं पान आम्ही रिकामं मिळवलं आणि त्यावर बंदरातल्या त्रेपन्न जुन्या होड्यांची नावं, त्यांच्या मालकांसकट छापली. तांडेलांनी त्यातल्या चार चुका काढल्या. पुढच्या अंकात दुरुस्ती येणार आहे.

ट्रंकेत फोटो सापडतील, त्यातली माणसं ओळखणारं घरात कोणी आहे तोवर मागे नावं लिहून घ्या, डावीकडून उजवीकडे. पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई काही वर्षांनी पुढच्या चेहऱ्यांवर उमटते.